मयतांच्या नावचं पाणी

सोमवारी सकाळी पावणेसातला आइली अंगणातल्या नळाशी तोंड धूत होती. चेहराभर साबण, डोळे घट्ट मिटलेले, हात नळाखाली... आणि पाणी गेलं.

गेलं म्हणजे आधी बारीक झालं, मग खोकलं, मग संपलंच. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या ओनाकुंबातली जूनची थंडी, त्यात डोळ्यांत चरचरणारा साबण! आइलीनं चाचपडत नळ इकडे पिळला, तिकडे पिळला. तेवढ्यात कुंपणापलीकडे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

"कोण आहे तिकडे? पाणी सोडा आधी!" ती ओरडली.

"सोडणारा वेगळा, मेमे. मी बंद करणारा." मेमे म्हणजे तिथल्या बोलीत बाई. आवाज पुरुषाचा होता, तरुण होता, आणि मेला चक्क हसऱ्या सुरातला होता.

"अहो, डोळे जळताहेत माझे!"

"अरे देवा... थांबा, चोळू नका. हात पुढे करा."

फाटक करकरलं. वाळूतून पावलं जवळ आली. तिनं ओंजळ पुढे केली आणि तिच्यात बाटलीतलं पाणी पडलं — थोडं थोडं, बेतानं, न सांडता. तिनं डोळे धुतले, पुन्हा ओंजळ केली. पुन्हा पाणी. तिसऱ्या ओंजळीनंतर तिनं डोळे उघडले.

समोर नगर परिषदेचं निळं जाकीट घातलेला एक उंच माणूस बाटली उलटी धरून उभा होता. खांद्यावर हातभर लांबीचा पाना, भुवईत एक जुना व्रण. बाटली केव्हाच रिकामी झाली होती, तरी त्यानं ती तशीच उलटी धरली होती.

"संपलं पाणी," आइली म्हणाली.

"हो का?" त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग घाईनं ती सरळ केली. "मी तुहाफेनी. पाणीखात्यातला. हे घर यादीत आहे... याकोब नांगोलो, पाच महिन्यांची थकबाकी."

"इथं कुणी याकोब राहत नाही. हे मेमे फ्रीडाचं घर आहे, मी भाडेकरू आहे."

"राहत नाहीत हे खरंय. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. मेमे फ्रीडाचे यजमान ते."

"म्हणजे मेलेल्या माणसाचं पाणी तोडता तुम्ही? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण मी पडलो हुकमाचा ताबेदार." त्यानं खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. "ही बघा सही. शेवटच्या अक्षराला कशी शेपटी काढलीय! ज्या कुणाची आहे तिला विचारा."

आइलीनं सही बघितली. मग पुन्हा बघितली. अंगावर गार पाणी पडावं तशी ती उभी राहिली. शुक्रवारी चार वाजता, घरी जायच्या घाईत, चारशे बारा नावांची यादी न वाचता तिनंच ती शेपटी काढली होती.

"ही... माझी सही आहे," ती म्हणाली.

तुहाफेनी हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं फक्त खालचा ओठ दातांखाली धरला आणि आभाळाकडे बघत राहिला.

आता या मुलीबद्दल थोडं सांगायला हवं. आइली शिवूते, वय सत्तावीस, ओनाकुंबा नगर परिषदेत लेखा अधिकारी. जानेवारीत रुजू झाली, सहा महिन्यांचं प्रोबेशन, ते येत्या तीस जूनला संपणार. आणि स्वभाव? काळजी! काळजी तिच्या हाडात होती. साबणाची वडी किती दिवस पुरेल, फोनमधले पैसे किती दिवस, पिठाचा डबा किती दिवस, सगळं ती मोजायची. ऑफिसात गेली की पहिलं काम हेच. परिषदेच्या बँकेतली शिल्लक घ्यायची, रोजच्या खर्चानं भागायची आणि वहीच्या कोपऱ्यात आकडा लिहायचा. आज सगळी आवक थांबली तर हे गाव किती दिवस चालेल? त्या सोमवारी आकडा आला नऊ. तिनं भागाकार पुन्हा केला. नऊच.

काळजीला कारणही तसंच होतं. ओनाकुंबाला पाणी यायचं ते लांबच्या मोठ्या कालव्यावरून, आणि ते देणाऱ्या कंपनीचं अठरा लाख डॉलरांचं बिल थकलं होतं. नोटीस भिंतीवर लावलेली होती: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पैसे, नाहीतर वीस हजार वस्तीच्या गावाला दिवसातून दोनच तास पाणी. बँकेत होते सहा लाख.

"काही काळजी करू नकोस," हिशेब खात्याचे प्रमुख ताते हामुन्येला खुर्चीत मागे रेलून म्हणाले. पोट मोठं, चष्मा कपाळावर, आणि तोंडात सदा पेपरमिंट. वडीलधारे म्हणून सगळे त्यांना ताते म्हणायचे. "बँक तात्पुरतं कर्ज देतेय. तिला फक्त आपलं चालू गुणोत्तर हवंय, दोनाच्या वर. किती आलंय?"

"दोन पूर्णांक तीन, ताते. पण—"

"झालं तर! गुरुवारी चारपर्यंत दाखल्यावर सही कर. लेखा अधिकारी तू आहेस."

"पण ताते, हातातले सहा आणि येणी चाळीस, असे शेहेचाळीस लाख धरलेत आपण. देणी वीस. म्हणून आलं दोन पूर्णांक तीन. ती चाळीस लाखांची येणी खरंच येणार आहेत का? त्यातले निम्मे लोक..." तिला सकाळचा नळ आठवला. "निम्मे लोक मेलेले असतील."

"मेले तरी देणं राहतंच की." ताते हामुन्येलांनी नवी पेपरमिंट तोंडात टाकली. "आणि हे बघ पोरी, तीस तारखेला तुझ्या प्रोबेशनचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे. उगाच शहाणपणा नको."

झालं! सही केली आणि पैसे आलेच नाहीत, तर खोटा दाखला दिला म्हणून उद्या तिच्यावर शेकणार. नाही केली, तर नोकरी गेली आणि गावाचं पाणीही गेलं. आइलीनं डबा उघडलाच नाही. दुपारी ती यादी घेऊन बाजारात गेली. मांस भाजणाऱ्यांच्या रांगेत, धुराच्या ढगात, तुहाफेनी उभा राहून कपाना खात होता. मांसाचा तुकडा, तिखटमीठ, पुन्हा तुकडा. तिला बघून त्यानं हात पँटला पुसला.

"मेमे, पाणी सुरू करायला आलात?"

"विचारायला आलेय. या यादीतले मेलेले कोण आणि जिवंत कोण, सांगाल?"

"गेली अकरा वर्षं मी या गावाचे मीटर वाचतोय, आणि ऑफिसातून हे विचारायला आलेल्या पहिल्या तुम्ही. उद्या सकाळी सातला या. बूट जुने घाला. आणि हे खा आधी... चेहरा बघा कसा झालाय, जणू माझ्या आधी तुमचंच कनेक्शन कुणीतरी तोडलंय."

तिनं एक तुकडा घेतला. मग दुसरा घेतला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे तिला तिसऱ्या तुकड्याला कळलं.

मंगळवारी दोघं गल्ल्यागल्ल्यांतून हिंडली. कोवळं ऊन, मोपानेच्या लाकडांचा धूर, रस्त्यात आडवी झोपलेली गाढवं. तुहाफेनी फाटकापाशी थांबायचा, आधी रीतसर सगळ्यांची विचारपूस करायचा — झोप झाली का, गुरं बरी आहेत का, बाजरी किती झाली — आणि मग यादीतल्या नावापुढे बोट ठेवायचा. "गेले." "गेले." "हे गेले, त्यांचा भाऊही गेला." "हे जिवंत आहेत, पण देणार नाहीत. नगरसेवक आहेत." "हे गेस्टहाउस ताते हामुन्येलांच्या मेव्हण्याचं. चार लाख. ह्याचं पाणी तोडायला गेलो तर माझीच बदली होते."

"तुम्हाला कसं माहीत कोण देणार नाही?"

"अंगणात गवत हिरवं असेल तर देणार नाही. पाणी मोजूनमापून वापरणारा माणूस बिल भरतो, मेमे."

"मला मेमे म्हणू नका. आइली म्हणा."

"मग मलाही अहो-जाहो नको." तो पुढे चालता चालता म्हणाला, मागे न बघता. "ते गुणोत्तर की काय, त्याची काय भानगड आहे?"

आइली खुलली. एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "समज, आईकडे बाजरीच्या कणग्या आहेत. एक भरलेली, घरात. आणि काकांनी उसन्या नेलेल्या सात. वर्षभर खायला लागतात तीन. आई म्हणते, आपल्याकडे भरपूर आहे. पण काका देणारच नसतील तर?"

"तर घरातली कणगी तेवढीच खरी."

"हेच! हेच मी सांगतेय सगळ्यांना!" ती भर रस्त्यात ओरडली. एका शेळीनं मान वर केली.

तुहाफेनी थांबला. "आणि माणसांचं कसं ठरवतेस तू? घरातलं कोण आणि उसनं गेलेलं कोण?"

"माणसांचं... नाही मोजत मी."

"खोटं. काल ओंजळीत पाणी घेताना बाटलीकडे बघत होतीस. मनात मोजत होतीस, किती उरलंय."

तिला हसू आलं. पण घर संपलं की पुढचं घर, आणि कागदावरचा हिशेब असा: बड्या जिवंतांची एकोणतीस लाखांची थकबाकी, जी येणारच नव्हती. बाकी लहान लहान जिवंत, पाच लाख, हळूहळू देतील. आणि दोनशे एकतीस मयतांच्या नावांवर सहा लाख.

"हे सहाही सोडून द्यायचे," आइली म्हणाली. "मेलेल्यांकडून कसली वसुली? मग राहिलं काय... सहा आणि पाच. अकरा लाख, वीस लाखांच्या देण्यापुढे. तुहाफेनी, गावाचं पाणी जाणार."

तो काहीतरी बोलणार होता. पण त्यानं पाना या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "संध्याकाळी मेमे फ्रीडाशी बोल," एवढंच म्हणाला. "तिला विचार, जानेवारीत ती कुठं गेली होती."

मेमे फ्रीडा म्हणजे आइलीची घरमालकीण. साठीची, ठणठणीत, गुलाबी पट्ट्यांचा ओदेलेला, म्हणजे तिथल्या बायकांचा घेरदार झगा, आणि त्यावर स्वेटर. ती चुलीपुढे बसून बाजरीचं पीठ घाटत होती. पाणी शेजारून आणलेलं होतं, बादलीभर. प्रश्न ऐकून तिचा हात थांबला.

"कुणी सांगितलं तुला? त्या पानेवाल्यानं? बघितलंच मी, कुंपणाशी कसा घुटमळत होता..." मग तिनं सुस्कारा सोडला. "परिषदेत गेले होते गं. पाणीपट्टी भरायला. नेहमी जाते तशी. रुमालात पैसे बांधून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, नवा नियम आलाय, खातेदारानं स्वतः ओळखपत्र घेऊन यायचं. म्हटलं, बाई, खातेदार वर गेलाय, त्याला कसा आणू? म्हणाली, मग खातं तुमच्या नावावर करा."

"मग का नाही केलंत?"

"वेडी का काय तू? नाव बदलायचं म्हणजे लिहून द्यायचं, नवरा अमुक दिवशी गेला. तो कागद फिरत फिरत त्याच्या भाच्यांच्या हाती पडला की संपलंच. माझ्या बहिणीकडे आले होते तिच्या नवऱ्याचे भाचे. मामाचं ते आमचं म्हणून गुरं नेली, छपराचे पत्रे नेले, शिवणयंत्र नेलं! इथल्या सगळ्या विधवा नवऱ्याच्या नावावर पाणी भरतात, पोरी. नाव आहे तोवर घर आहे. नियम आला आणि आम्ही सगळ्याजणी पैसे परत घेऊन घरी आलो. ते बघ, डब्यात आहेत. पाचही महिन्यांचे. हात लावला नाही."

आइली पिठाच्या डब्याकडे बघत राहिली.

"मला का नाही सांगितलंत? मी इथंच राहते!"

"तू ऑफिसातली. तुला कशाला अडचणीत आणायचं?"

अडचण! आइली तिथंच जमिनीवर बसली. कारण जानेवारीत, नव्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, खाती नीटनेटकी व्हावीत म्हणून, मोठ्या उत्साहानं तो नियम तिनंच लिहिला होता. टाइप करून, काउंटरच्या काचेवर चिकटवून, खाली शेपटीवाली सही. जानेवारीपासून वसुली का घसरतेय याचा तक्ता ती दर महिन्याला काढत होती आणि रात्र रात्र तळमळत होती. कारण रोज येता-जाता काचेवर दिसत होतं.

"मेमे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "तो नियम माझा आहे."

मेमे फ्रीडानं पळी पातेल्यात उभी ठेवली. मग ताटलीत वाढून ती आइलीपुढे सरकवली. "जेव. आणि उद्या जाऊन काढ तो कागद. उद्या पहाटे चर्चमध्ये बायकांची प्रार्थना आहे, मी सांगते सगळ्याजणींना."

बुधवारी सकाळी आइलीनं काचेवरचा कागद ओरबाडून काढला. नखात गोंद अडकला. मग ती ताते हामुन्येलांच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं: नियम माझा, चूक माझी, आणि आज-उद्या मी बाजारात मारुलाच्या झाडाखाली टेबल टाकून बसणार आहे. ओळखपत्र कुणाचंच विचारणार नाही.

"आणि पावती कुणाच्या नावानं फाडणार? मयताच्या?"

"मयताच्याच. खाली लिहीन, हस्ते अमुक. पैसे आले हे खरं, कुणाच्या हातून आले तेही खरं. नाव बदलायला कुणाला सांगणार नाही."

"आणि बँकेचा दाखला?"

"उद्या चारला देईन. पण आकडा खरा असेल, ताते."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, तिला नीट बघायला. "तुला नोकरी नकोय का गं?"

हवी होती. फार हवी होती. गावाकडे आई होती, धाकट्या भावाची फी होती. पण आइली यादी उचलून बाहेर पडली.

टेबल तुहाफेनीनं आणलं, डोक्यावर घेऊन. पावतीपुस्तक, खोका, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर मेमे फ्रीडा हाताची घडी घालून बसली, आणि पहिली पावती तिचीच फाटली: याकोब नांगोलो, हस्ते फ्रीडा.

मग कुणीच आलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. लांब उभ्या राहून बायका बघत होत्या, आपापसांत कुजबुजत होत्या. आइलीनं पेनचं टोपण चावून चपटं केलं.

"येतील," तुहाफेनी म्हणाला.

"आणि नाही आल्या तर?"

"तर मी एकेकीला उचलून आणतो. माझी सवय आहे, जड वस्तू वाहायची."

"मस्करी सुचते तुला! जीव टांगणीला लागलाय माझा..."

"म्हणून तर." तो हळूच म्हणाला. "तुझा जीव खाली उतरेपर्यंत मी इथंच उभा आहे."

ती मान खाली घालून खोका उघडत-मिटत राहिली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. आणि तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली, टेबलापुढे उभी राहिली, रुमालाची गाठ दातांनी सोडली. "ओळखपत्र नाही हो माझ्याकडे त्यांचं. त्यांच्याबरोबर पुरलं."

"नको आहे, मेमे. नाव सांगा फक्त."

म्हातारीनं नाव सांगितलं. आइलीनं लिहिलं. म्हातारी पावती घेऊन वळली आणि गर्दीकडे हात उंचावून तिनं ती हलवली. बस्स! मग जी रांग लागली ती थेट कपानाच्या धुरापर्यंत. कोणाच्या डब्यातले, कोणाच्या उशीतले, कोणाच्या बायबलमधले, पाच महिने न मोडलेले पैसे. गुरुवारी तीन वाजेपर्यंत दोनशे दहा मयतांची पाणीपट्टी भरून झाली. पाच लाख चाळीस हजार!

साडेतीनला रांग संपली. आइली खोका बंद करणार, एवढ्यात समोर सावली पडली. निळं जाकीट, खांद्यावर पाना.

"चल, चारला दाखला द्यायचाय," ती न बघता म्हणाली.

"आधी माझी पावती."

"तुझी?"

"मत्तेउस अमुपोलो. घर क्रमांक दोनशे सहा." त्यानं घडी घातलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. "हस्ते तुहाफेनी. मुलगा."

आइलीनं यादी उलटली. होतं ते नाव. पान सातवर, पुढे लाल खूण: पाणी बंद केले, सोमवार. अक्षर त्याचंच.

"तू... स्वतःच्या आईचं पाणी तोडलंस?"

"यादी ती यादी. दुसऱ्यांचं तोडायचं आणि आपलं ठेवायचं, असं कसं चालेल?" तो पान्याशी चाळा करत होता. "तुझ्याकडे येण्याआधी तिकडेच गेलो होतो, सहाला. आई दारात उभी राहून बघत होती. तीन दिवस डोक्यावरून पाणी वाहतोय तिचं. आणि जानेवारीत त्या काउंटरवरून परत फिरवलेल्यांत मीपण होतो."

"मग सोमवारीच का नाही सांगितलंस मला? नियम माझा आहे हे माहीत होतं तुला! सही ओळखत होतास!"

"सांगणार होतो. भांडणारच होतो, खरं सांगू? पाच महिने ती शेपटी डोक्यात बसली होती, कधीतरी ही बाई भेटू दे, मग बघतो म्हणून. आणि भेटलीस ती अशी... तोंडाला साबण, डोळे मिटलेले, ओंजळ पुढे." तो थांबला. "भांडण कुठं गेलं, मला कळलंच नाही. बाटली रिकामी झाली तेही कळलं नव्हतं."

आइलीला काही दिसेना. या खेपेला डोळ्यांत साबण नव्हता. तिनं मान खाली घालून पावती लिहिली, अक्षरं वेडीवाकडी आली, शाई थोडी फुटली. ती फाडून त्याच्या हातात देताना तिची बोटं त्याच्या बोटांपाशी जराशी थांबली.

पावणेचारला तिनं बँकेचा दाखला लिहिला. हातातले सहा लाख, आलेले साडेपाच, बाकी खरोखर येतील अशी पाच-साडेपाच. देणी वीस. चालू गुणोत्तर: शून्य पूर्णांक पंच्याऐंशी. बड्या थकबाकीदारांची यादी स्वतंत्र जोडली, प्रत्येक नावापुढे लिहिलं, येण्याची शक्यता नाही, त्यात ताते हामुन्येलांच्या मेव्हण्याचं गेस्टहाउसही. सहीची शेपटी नेहमीपेक्षा लांब झाली. बँकेनं पाचला कर्ज नाकारलं. आइलीनं तोच कागद, एक ओळही न बदलता, पाणी देणाऱ्यांना पाठवला आणि दहा लाख भरून टाकले. बाकी आठ लाखांसाठी चार हप्ते मागितले. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही.

शुक्रवारी अकराला ती गावाबाहेरच्या मुख्य व्हॉल्व्हपाशी गेली. जिथं कालव्याकडची मोठी नळी गावात शिरते तिथं लोखंडी पिंजरा, आत प्रेशरचा काटा. तुहाफेनी दगडावर बसला होता. तिला बघून तो सरकला, तीही बसली.

"फोन आला?"

"नाही."

"बारा वाजता ते दाब कमी करतील. काटा चारवर आहे. दोनच्या खाली गेला तर समजायचं."

काटा चारवर होता. साडेअकराला चारवर. पावणेबारालाही चारवर. तिच्यामुळे वीस हजार माणसांनी बादल्या घेऊन रांगा लावायच्या? दवाखाना, शाळा, त्या काठीवाल्या म्हातारीनं... बारा वाजले. काटा हलला.

"तुहाफेनी! हलला!"

"दिसतोय."

साडेतीन. तीन. तिनं त्याचा हात धरला. धरला म्हणजे काय, आवळलाच. काटा पावणेतीनवर आला आणि तिथं थरथरत थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग, हळूहळू, अगदी चिडवल्यासारखा, तो वर चढू लागला. तीन. साडेतीन. चार.

बारा चाळीसला फोन वाजला. पलीकडून एक थकलेला आवाज म्हणाला, "मेमे शिवूते? तुमच्या परिषदेकडून दरवर्षी दोनाच्या वरचा आकडा येतो आणि पैसे येत नाहीत. या वेळी एकाच्याही खालचा आकडा आला आणि दहा लाख आले. चार हप्ते मंजूर. चुकवू नका."

तिनं फोन बंद केला आणि ती रडायला लागली. तिचा हात तुहाफेनीच्याच हातात होता, त्यावरून त्याला समजलं असावं.

जरा वेळानं दुसरा फोन आला, ताते हामुन्येलांचा. मेव्हण्यानं घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे. नगरसेवकांनी तिला काढायलाच सांगितलं होतं. "पण बाजारातल्या बायका सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर बसल्यात," ते पेपरमिंट चघळत म्हणाले, "तुला काढलं तर माझ्याच अंगाशी येईल. प्रोबेशन सहा महिने वाढवलंय. ही शिक्षा आहे, समजलीस ना?"

"समजले, ताते."

दोघं चालत गावात आली. तुहाफेनीनं तोडलेले नळ एकेक करून उघडायला घेतले, यादीच्या क्रमानंच. आइली मागोमाग खुणा करत होती. घर क्रमांक दोनशे सहा आलं तेव्हा ऊन कलत होतं. दारात एक उंच, सडपातळ बाई उभी होती, तिच्याही भुवया लेकासारख्याच. तिनं आइलीला आपादमस्तक न्याहाळलं.

"ही का ती सहीवाली?"

"हीच, आई."

"बरीच वाळलीय. आत ये पोरी, बाजरीचं गोड आंबलेलं पाणी आहे, पी आधी. नियम नंतर कर."

तुहाफेनीनं व्हॉल्व्हवर पाना लावला, जोर दिला. अंगणातला नळ खोकला, थुंकला आणि मग धो धो वाहू लागला. आइलीनं धावत जाऊन ओंजळ धरली. पाणी बोटांतून निसटून वाळूत जात होतं, ती तशीच धरून उभी होती, हसत होती.

"आजचा आकडा किती गं?" तो जवळ येऊन म्हणाला. "किती दिवस पुरेल?"

आइली थबकली. दहा लाख भरल्यावर बँकेत काय उरलं होतं, रोजचा खर्च किती होता, सगळं तिला तोंडपाठ होतं. भागाकार अर्ध्या मिनिटाचा होता. पण सकाळपासून, पहिल्यांदाच, तिनं तो केला नव्हता.

"आज नाही मोजलं," ती म्हणाली, आणि ओंजळीतलं सगळं पाणी त्याच्या तोंडावर उडवलं.